कंगव्यात न येणारे केस

फायकचं डोकं तिशीतच उघडं पडलं होतं. सनंदज या डोंगराळ मुलखातल्या शहराच्या बाजारात अक्रोडाच्या लाकडाचे सोंगट्यांचे पट घडवणारी जी थोडी दुकानं उरली आहेत, त्यातलं कोपऱ्यावरचं त्याचं. हात असा की जोड कुठं आहे ते नखानंही लागू नये. पण बाजार मोठा खट्याळ, बाजारात त्याची ओळख पटापेक्षा टकलाचीच. गिऱ्हाईक नसलं की समोरचा चहावाला हाक मारायचा, "टकल्या, बाहेर येऊन बस, आज तुझ्या डोक्यावरच डाव मांडू." फायक हसून घ्यायचा आणि घरी आला की आरशाकडे पाठ करून फेटा सोडायचा. कुणाला कशाचं दुःख बोचेल याचा काही नेम नसतो. फायकला याचंच बोचायचं.

त्याचा बाप दर्वेश होता. खानकाह म्हणजे दर्वेशांचा मठ, तिथल्या रिंगणात फेटा उतरवून, कमरेपर्यंतचे केस मोकळे सोडून डफाच्या तालावर मान घुमवणारा. फायकला लहानपणी त्याची भीती वाटायची आणि मोठेपणी लाज. बाप गेल्यावर तो खानकाहच्या गल्लीनंही कधी गेला नाही. नमाज-रोजे, नवस-सायास सगळं बायकोनं, गुलालानं बघावं आणि आपण लाकूड तासावं, असा त्याचा खाक्या होता.

मग चनूर आजारी पडली. लग्नानंतर किती तरी वर्षांनी झालेली एकुलती एक पोर, तेव्हा दहा वर्षांची. ताप आला तो उतरेचना. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आधी औषधं बदलली, मग चेहरे. एका दुपारी त्यांनी फायकला बाजूला घेऊन सांगितलं, की घरून हिच्या आईला बोलावून घ्या. फायक खाटेजवळ येऊन उभा राहिला. त्याला कुठलाही नवस बोलता येत नव्हता. लहानपणी तो स्वतः गोवरानं फणफणला होता तेव्हा बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं होतं, एवढंच त्याला आठवलं. त्यानं तसाच हात चनूरच्या डोक्यावर ठेवला. औषधपाण्याला सोपं जावं म्हणून तिचे केस कानापर्यंत कापले होते आणि ते तांबूस केस घामानं चिकटले होते. फायक म्हणाला, "ही जगली तर मी केस वाढवीन. मरेपर्यंत कात्री लावणार नाही. रिंगणात येईन."

आपल्या टकलावर कुठले केस वाढणार, हा विचार त्या घडीला त्याच्या मनाला शिवलाही नाही. दुसऱ्या दिवशी चनूरचा ताप उतरला आणि तिनं खायला मागितलं. गुलालाच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, ती तिथंच जमिनीवर बसून रडली.

फायकच्या डोक्यावर पहिली लव आली ती त्याच उन्हाळ्यात. आधी कानशिलांजवळ, मग मधोमध, जिथं पंधरा वर्षं काही उगवलं नव्हतं. बाजारानं तोंडात बोटं घातली. शेजारचा न्हावी रोज येऊन तेल कुठलं ते विचारून जायचा आणि फायक काही सांगत नाही म्हणून रागवायचा. खलिफा तहा खानकाहचे प्रमुख होते, त्यांनी फायकला रिंगणात घेतलं. केस खांद्यावर आले, पाठीवर आले, पाचव्या वर्षी कमरेला टेकले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचे केस पांढरे, राठ असायला हवेत. हे तांबूस होते, मऊ होते आणि मानेपाशी त्यांना एक वळण होतं. टकल्या म्हणणारा चहावाला आता त्याला काक फायक म्हणू लागला. काक म्हणजे दादा. दादा म्हणवून घ्यायला फायकला फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

मंगळवारी संध्याकाळी रिंगण भरायचं. डफ सुरू झाला की फायक फेटा उतरवायचा आणि केस पाठीवर पडायचे. त्या वजनानं मान आपोआप मागे जायची. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि मग फायक कुठं संपतो आणि केस कुठं सुरू होतात ते त्याला कळायचं नाही. जन्मभर बुजऱ्यासारखा वागलेला माणूस तिथं कुणाला भीत नव्हता. रिंगणातली जुनी माणसं म्हणायची, बाप परत आला. घरी जाताना त्याला थकवा म्हणून नसायचा, उलट तरतरी यायची.

केस धुवायचे दर शुक्रवारी, अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली. गुलाला पाणी घालायची, रिठा लावायची, मग तासभर विंचरत बसायची. पहिल्या वर्षीच तिच्या लक्षात आलं की कंगव्यात एकही केस येत नाही. "काय शिवून घेतलेत का?" ती हसून म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी तिचं हसणं गेलं. डोक्याच्या डाव्या बाजूला एक भोवरा होता आणि त्याच्यातून फिकट केसांची एक बारीक बट निघत होती. हा भोवरा तिनं आधी पाहिला होता. किती तरी वर्षं रोज सकाळी पोरीच्या शाळेच्या आधी ती त्यावर कंगवा फिरवत आली होती. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण ती मूग गिळून बसली. ज्या घरात मेलेली पोर जिवंत होऊन आली, त्या घरात कोण कशाला काही उकरून काढेल?

कारण चनूर बरी होती. खायची, शाळेत जायची, आत्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. फक्त तिचे केस इस्पितळात कापले तसेच कानापर्यंत राहिले होते. आजारपणानं होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग गुलालाला आठवेना की पोरीची नखं आपण शेवटची कधी कापली. लाल बूट होते ते फाटले, नवे आणले, त्याच मापाचे बसले. आजारात एक दाढ हलायला लागली होती, ती अजून हलतच होती. दर नवरोजला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, फायक दाराच्या चौकटीला तिची उंची पटाशीनं कोरायचा. आजारानंतरच्या नवरोजला खूण होती तिथंच आली. पुढच्या वर्षीही तिथंच. ती वर सरकेना, नुसती खोल होत गेली. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सुया दिल्या, वाट बघा म्हणाले. वर्गातल्या मैत्रिणी छातीवर ओढणी घेऊ लागल्या, त्यांच्या घरी पाहुणे येऊ लागले. चनूर पंधरा वर्षांची झाली आणि पाव आणायला गेली की भट्टीवाला अजून तिच्या हातावर साखरेची गोळी ठेवायचा. ती गोळी घ्यायची, आभार मानायची आणि कोपऱ्यावर आल्यावर फेकून द्यायची.

आणि बुधवार. दर बुधवारी सकाळी चनूरची मान आखडायची. डोकं मुळांपासून ठणकायचं, उभी राहिली की घेरी यायची. गुलाला गरम कापडानं मान शेकायची आणि शेजारच्या खोलीत फायक शीळ घालत फेटा बांधत असायचा.

त्या साली नवरोज तोंडावर आला होता. शुक्रवार होता, आबीदर डोंगराच्या माथ्यावर बर्फ होतं आणि अंगणात ऊन. गुलाला फायकचे केस विंचरत होती, चनूर आत खिडकीपाशी अक्रोड फोडत बसली होती. मानेजवळ एक गुंता लागला. गुलालानं तो सोडवून पाहिला, सुटेना, तेव्हा कंगवा रुतवून जोरानं ओढला. फायक तोंडातल्या साखरेवर चहाचा घोट घेत होता, त्याला काही कळलंही नाही. आतून चनूर म्हणाली, "दाया, हळू ना. दुखतंय."

ती आईला दाया म्हणायची. गुलालानं खिडकीकडे पाहिलं. चनूरचा हात मानेवर होता, कानामागे, नेमका तिथंच. गुलालानं फायकचा एकच केस बोटात धरला आणि हलकेच ओढला. चनूरनं डोळे मिटले. फायकनं चहाचा पेला खाली ठेवला आणि त्याला स्वतःच्या डोक्याची भीती वाटली.

आता दुसरा कुणी असता तर त्याच पावली खलिफांकडे धावला असता. फायक गेला नाही. दुकानात फार काम आहे म्हणाला, नवरोज होऊ दे म्हणाला, योगायोग म्हणाला. आणि मंगळवार आला तेव्हा फेटा बांधून रिंगणात गेला. हे त्याचं त्यालाच नंतर कधी सहन झालं नाही. त्या संध्याकाळी केस असे फिरले म्हणतात की डफवाल्यांनीही ताल वाढवला. जिवाला माहीत होतं, तरी मान थांबत नव्हती. तो घरी आला तेव्हा चनूर भिंतीला धरून ओकत होती आणि गुलाला तिचं कपाळ दाबून उभी होती. गुलालानं मान वर न करता विचारलं, "झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खलिफांच्या अंगणात जाऊन बसला. खलिफा तहा उन्हात डफाचं कातडं शेकत होते. म्हातारा माणूस, बोलायला कमी. फायकनं सगळं सांगितलं. त्यांनी कातडं शेकत शेकत ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, "नवस बोललास तेव्हा हात कुठं होता?"

"पोरीच्या डोक्यावर. माझ्या बापानं माझ्या ठेवला होता तसा."

खलिफांनी डफ बाजूला ठेवला. "तुझ्या बापानं तुझ्या डोक्यावर हात ठेवला ती दुआ होती, फायक. नवस त्याच्याआधी बोलून झाला होता, इथं, माझ्यासमोर, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून. आपल्यात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ज्याच्यावर हात असतो, ते दिलं जातं." त्यांनी फायकच्या फेट्याकडे बोट केलं. "तू तिचं वाढणं देऊन टाकलंस. ते कुठंतरी जायचं होतं, तुझ्याकडे आलं."

आपण ज्याच्यावर पाच वर्षं मिरवलो ते काय होतं, हे फायकला आत्ता कुठं पुरतं दिसलं. त्यानं विचारलं, हे उतरवता येतं का. खलिफा म्हणाले, येतं, पण जिचं आहे तिच्याच हातानं. आणि ताप परत आला तर? खलिफा म्हणाले, ते मला ठाऊक नाही आणि कुणी ठाऊक आहे म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. मग फायकनं खाली बघत विचारलं, "आणि रिंगण?"

"हे शेवटी विचारलंस, बरं केलंस," खलिफा म्हणाले. "रिंगणात दुसऱ्यांदा येता येत नाही."

घरी येऊन त्यानं गुलालाला सांगितलं, पण सांगता सांगता तो पळवाटाही शोधत होता. एकेक केस कापताना पोरीला दुखेल, एवढे केस, किती दुखेल याचा विचार कर. ताप उलटला तर काय करशील? आहे ती निदान डोळ्यांसमोर आहे, हसते, बोलते, जिवंत आहे. गुलालाही भ्यालेली होती. पण नवरा कशाला भितोय आणि कशाला जपतोय हे बायकोला न कळायला ती काही आंधळी नव्हती.

"जिवंत आहे?" ती म्हणाली. "बाकीच्या आया दरवर्षी पोरींच्या झग्याची घडी उसवतात, फायक. मी पाच वर्षं एक टाका उसवलेला नाही. मी म्हातारी होऊन मरेन आणि ती माझ्या मयताला दहा वर्षांची पोर म्हणून उभी राहील. आणि तू तिथं केस सोडून बसशील."

फायकनं तोंड फिरवलं तर दारात चनूर उभी होती. हातात आईची कापड कापायची मोठी कात्री. सगळं ऐकलं होतं तिनं. लहान पोर समजून लोक तिच्यासमोर काहीही बोलत आणि ती सगळं ऐकत असे, पाच वर्षं.

"मंगळवारी मला डफ ऐकू येतो," ती म्हणाली. "खानकाह इथून किती लांब आहे, तरी येतो. उशीत डोकं खुपसलं तरी येतो. मी म्हटलं, बाबांना आवडतंय तर असू दे." मग तिनं कात्री पुढे केली, पण सोडली नाही. "बाबा, आता माझे मला द्या."

"दुखेल तुला, चनूर."

"दुखू दे."

अंगणात डाळिंबाखाली फायक तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, कारण ती एवढीशी होती. त्यानं फेटा सोडला. चनूरनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि पहिली बट कापली. फायकला काहीच जाणवलं नाही, फक्त डोकं थोडं हलकं झालं. चनूरचे ओठ पांढरे पडले. दुसरी कापली, तिसरी कापली. तिचा श्वास त्याला कानापाशी ऐकू येत होता आणि प्रत्येक कात्रीला तो तुटत होता. तो म्हणाला, बस, थांब, राहू दे उरलेले. ती थांबली नाही. गुलाला भिंतीला पाठ लावून तोंडावर ओढणी दाबून उभी होती. वारा अजिबात नव्हता, डाळिंबाची एक डहाळी हलत नव्हती, पण फरशीवर पडलेले केस हळूहळू चनूरच्या पावलांकडे वळत होते. फायकनं ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

शेवटची बट भोवऱ्यातली होती, फिकट रंगाची. ती कापताना चनूर एकदाच ओरडली आणि खाली बसली. तिनं तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढलं तर हातात ती दाढ होती, पाच वर्षं हललेली. तिनं ती आईला दाखवली आणि रक्ताळल्या तोंडानं हसली.

संध्याकाळी ताप आला. व्हायचं तेच झालं असं फायकला वाटलं. गुलाला एका बाजूला बसली, तो दुसऱ्या. गुलाला कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. फायकनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, पोरीला नाही, भिंतीला नाही, स्वतःच्या डोक्यालाही तो हात लावत नव्हता. काही मागायची त्याला भीती वाटत होती, आपल्या मागण्याचं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. उजाडताना चनूरनं कूस बदलली आणि पाणी मागितलं. अंग गार होतं. गुलालाचा जीव भांड्यात पडला, आणि फायक उठून बाहेर गेला आणि डाळिंबाच्या खोडाला डोकं टेकून हमसाहमशी रडला.

त्याच्या डोक्यावर पुन्हा काही उगवलं नाही. कानांमागे पांढरे चार केस, बस. दाढीही त्या आठवड्यात सगळी पिकली. चहावाला दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी त्याला टकल्या म्हणून हाक मारली. फायक बाहेर जाऊन बसला आणि या खेपेला खरंच हसला. मंगळवारी मात्र तो बाजारातून लवकर उठायचा नाही. डफ सुरू झाला की रंधा जोरजोरात मारायचा, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये. तरी मान ताठ धरून ठेवावी लागायची.

चनूर वाढायला लागली ती अशी, जणू कुणी मागे लागलंय. नखं, बूट, झगे, कशालाच पुरं पडेना. गुलाला रोज उसवत होती, शिवत होती, कुरकुरत होती आणि सुखानं फुलली होती. पुढच्या वर्षीच्या नवरोजला चौकटीवरची खूण त्या खोल खाचेच्या वीतभर वर गेली. भट्टीवाल्यानं एकदा तिला ताई म्हटलं, तेव्हा ती ते घरी येऊन तीनदा सांगत होती. केस कानांखाली उतरले, मग खांद्यांवर आले, तांबूस आणि मऊ.

एका शुक्रवारी गुलाला अंगणात तिचे केस विंचरत होती. तिनं एकदम हाक मारली, "फायक, इकडे ये. बघ." फायक धावत गेला, त्याला वाटलं काही तरी झालं. गुलालानं कंगवा वर धरला होता. दातांमध्ये केस अडकले होते, गळलेले, चांगले पुंजकाभर. "गळतात तिचे," गुलाला म्हणाली आणि रडायला लागली. "सगळ्यांसारखे गळतात." चनूर वैतागून म्हणाली की केस गळले म्हणून कुणी आनंदानं रडतं का, आणि आरशात बघत राहिली.

फायकनं कंगवा हातात घेतला. तांबूस केस त्यानं बोटानं एकेक करून सोडवले. त्यांच्यात एक केस पांढरा होता. बाकीच्यांएवढाच लांब, मुळापासून टोकापर्यंत पांढरा आणि राठ. आपल्या दाढीतला केस ओळखायला कुणाला दिवा लागत नाही. त्यानं वर पाहिलं. चनूरच्या डाव्या भोवऱ्यात, फिकट बटेच्या मुळाशी, तसलेच आणखी दोन-चार होते. गुलालाला दिसले नव्हते किंवा तिनं कानाडोळा केला होता.

कात्री चालवताना पोरीचा डावा हात आपल्या डोक्यावर होता, ते त्याला आठवलं. त्यानं तो केस बोटाला गुंडाळला, खिशात टाकला आणि कंगवा परत दिला. त्या मंगळवारी डफ सुरू झाला तेव्हा त्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी मान धरून बसला. घरी त्या वेळी चनूरची मान हलली का, हे त्यानं गुलालाला विचारलं नाही आणि गुलालानंही कधी सांगितलं नाही.